पाव किलो, कुत्रीसाठी

पहिल्या दिवशी मी पिशवीत पिशवी, त्यात आणखी एक पिशवी
घेऊन गेले.
उदगीरच्या त्या गल्लीत जरा लांबच उभी राहिले,
केळीच्या गाड्याआड,
केळीच घ्यायच्यात असं दाखवत.
गळ्यातलं लिंग पदराखाली, पदरावर स्वेटर,
एप्रिल महिन्यात.

शेवंती कारवानी. जानवळहून आणलेली,
मन्मथनं, पुण्याला जायच्या आधी चार महिने.
तेव्हा टोपलीत मावायची.
दूध-भाकर हुंगायची आणि माझ्याकडं बघायची,
वाढताना मीच काहीतरी विसरले जणू.
पाठीवरचे केस गेले.
बरगड्या कारवान्याच्या दिसतातच,
पण हिच्या ऐकू यायला लागल्या.

बिरादार डॉक्टर म्हणाले, मांस द्या. कच्चं.
हाड शिजवू नका, शिजलेलं काचेसारखं फुटतं.
मी म्हणाले, आमच्यात चालत नाही.
ते म्हणाले, आमच्यात तरी कुठं चालतंय, बाई.
तिच्यात चालतंय.

न शिजवण्याचं एक बरं झालं.
गॅसला काही कळलं नाही.
फक्त एक सुरी, एक पाट, एक स्टीलचा डबा
भांडून वेगळं बिऱ्हाड करावं तसे
मोरीजवळच्या फळीवर राहायला गेले.

दुकानातल्यानं वर बघितलं.
"बाई, तुमी?"
मौला कुरेशी. सातवी ब. शेवटचा बाक.
"कुत्रीसाठी," मी म्हणाले. त्यानं विचारलंच नव्हतं.
"हौ," तो म्हणाला, "कुत्रीसाठीच की."
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवलं.

त्यानं कलेजी ओंडक्यावर ठेवली.
एकतीस वर्षं मी ती फळ्यावर काढली.
यकृत. शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी. बाण, नाव,
लाल खडू संपलेला असायचा, म्हणून गुलाबी.
अशी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
जड. जरा हलणारी. पिकल्या जांभळाच्या रंगाची,
उजेड तिच्यावर बसला होता
ओल्या दगडावर बसतो तसा.

तिच्या पोटाशी एक हिरवी पिशवी, बोराएवढी.
मौलानं करंगळीनं ती सुटी केली, बोलणं थांबवून.
"ही फुटली की समदं कडू. किती बी धुवा."
पित्ताशय, मी म्हणाले.
"आमी पित्ता म्हणतो."

मग मला त्याची वही आठवली.
हिरव्या स्केचपेननं रंगवलेलं होतं ते.
पुस्तकात तर सगळंच काळं-पांढरं.
मी लाल शाईनं लिहिलं होतं, आकृती पेन्सिलीनेच काढावी,
आणि अर्धा गुण कापला होता.
त्याला आठवतंय का, विचारलं नाही.
वजन झाल्यावर तो एक तुकडा वरून टाकतो.
पहिल्या दिवसापासून टाकतो.

आता मीच सांगते: कोंबडीच्या माना सहा,
चरबी काढून, आणि कलेजी कालची नको.
लाईट गेली तर डबा त्याच्या बर्फात ठेवून येते.
सोमवारी मी उपाशी असते. शेवंती नसते.

तिला मागच्या अंगणात देते, जुन्या पेपरवर.
आधी पाठ करून उभी राहायचे.
एकदा पाठ करायची राहून गेली.
मान तिरकी करून ती मागच्या दाढेत धरते,
अडकित्त्यात सुपारी धरावी तशी.
पहिला आवाज कडक. मग सगळे ओले.
शेजारच्या महानंदाताई खिडकी लावून घेतात,
थोड्या वेळानं उघडतात, उकडतं म्हणून.
तिच्या पाठीवर केस आलेत,
आधी नव्हता तो रंग, भाजल्या ज्वारीसारखा.

मन्मथचा फोन येतो. कसला आवाज आहे गं तो?
जेवण चाललंय, मी म्हणते.
तो म्हणतो, कुणाचं? आणि मला उत्तर द्यायचं सुचत नाही,
कारण मी नखं बघत असते.
खडू असाच राहायचा कडेला, साबणानंही न जाणारा.

शेवंतीनं मान संपवली. पेपर चाटला.
मग पेपरचाही एक कोपरा खाल्ला.